सव्वा तोळ्याचा खडा आणि केदारची गाडी

सोलापूरच्या बाळीवेशीत कुणाकडं पाहुणा उतरला, की चहा व्हायच्या आधी त्याला कल्लप्पा तोलाराचा खडा दाखवून आणायचा, अशी अठ्ठ्याहत्तर साली पद्धतच पडून गेली होती. पाहुणा नको म्हणाला तरी सुटका नव्हती. तो नको म्हणेपर्यंत कल्लप्पा स्वतःच दारात येऊन उभा राहायचा आणि बंडीच्या खिशातून इंजेक्शनची रिकामी बाटली बाहेर निघायची. बाटलीत बोराएवढा, तपकिरी, खडबडीत मूतखडा. बाटली हलवली की तो काचेवर टणटण वाजायचा.

"ऐका," कल्लप्पा म्हणायचा, "नुसता आवाज ऐका."

कल्लप्पा मार्केट यार्डात तोलार होता. पोतं काट्यावर चढलं की वजन बघायचं आणि साऱ्या आडतीला ऐकू जाईल असं पुकारायचं, हे त्याचं काम. तीस वर्षं पुकारून गळा असा तयार झाला होता, की तो बायकोच्या कानात काही सांगायला लागला तर ते चौथ्या घरी कळायचं. त्या घरातलं गुपित विचारायची वेळ गल्लीवर कधी आली नाही ती ह्यामुळं. माणूस मात्र वजनाला पक्का. आकडा कधी दाबला नाही, फुगवला नाही. वजन सोडून बाकी सगळ्या गोष्टी फुगवायची त्याला मोकळीक होती, आणि ती तो पोटभर वापरायचा.

म्हणूनच मार्गशीर्षात ऑपरेशन होऊन दवाखान्यातून सुटल्यावर त्याचा टांगा घराकडं न वळता आधी सराफाच्या दारात थांबला, ह्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते सराफाला.

"अण्णा, ह्या तराजूत मी सोनं घालतो."

"मग ह्ये काय रस्त्यावर घावलंय व्हय? पोट फाडून काढलंय!"

बरीच हुज्जत झाली. शेवटी खडा कागदात गुंडाळून तोलला, मग नुसता कागद तोलला, आणि बारदान वजा जाता वजन भरलं सव्वा तोळा. कल्लप्पानं ते तिथंच, टाके ओले असताना, पुकारलं. "सव्वाऽऽ तोळा!" रस्त्यावरच्या चार सायकली थांबल्या.

त्याची बायको ईरम्मा टांग्यात बसूनच होती. ती म्हणाली, "लग्नात माज्या गळ्यात पाऊण तोळा घातला ह्यांच्या बापानं. आन् ह्यांच्या पोटात सव्वा! आता कळलं मला, सोनं कुटं जात व्हतं ते."

टांगेवाला इतका हसला, की घोड्याला वाटलं निघायचं झालं.

आता ही ईरम्मा. दुधनीची पोर, म्हणजे एक पाय मराठीत आणि एक कन्नडात. लहानपणी तिच्या वडिलांनी तिला सांगितलं होतं, की तिकडं लांब उत्तरेत केदार आहे, सगळा बर्फाचा मुलूख, आणि तिथला मुख्य पुजारी आपल्यातला. कन्नड बोलणारा. ते तिच्या डोक्यात जाऊन बसलं. तिला केदारचं पुण्य हवं होतंच, पण त्याहून जास्त तिला बर्फात कुणीतरी कन्नड बोलताना ऐकायचं होतं. लग्नानंतर दर वैशाखात ती केदारचं नाव काढायची आणि कल्लप्पा म्हणायचा, "यार्डाचा शिजन संपू दे की." यार्डाचा शिजन तीस वर्षं संपला नाही.

तो संपला स्ट्रेचरवर. ऑपरेशनच्या खोलीचं दार समोर दिसलं तसा कल्लप्पाचा धीर सुटला आणि त्यानं ईरम्माचा हात घट्ट धरला. "वाचलो तर तुला केदारला न्हेतो. ह्याच वैशाखात. सिद्धरामाची आन." सिद्धरामाची आण सोलापुरात कुणी चेष्टेत घेत नाही. गुंगी उतरल्यावर कल्लप्पा पहिलं वाक्य बोलला, "खडा कुटं हाय?" आणि ईरम्मानं उलट विचारलं, "केदार ध्यानात हाय न्हवं?"

तर चैत्र लागल्याबरोबर दोघं सिद्धाप्पाकडं गेले. सिद्धाप्पा दरवर्षी उत्तरेची यात्रा काढायचा, एक अख्खी गाडी, सोबत आचारी. त्यानं ईरम्माचं नाव लिहून घेतलं आणि कल्लप्पाशी येऊन पेन थांबवलं.

"अण्णा, वय?"

"अठ्ठावन्न."

"मग विम्याचा कागद लागंल. पंचावन्नच्या वर कागदाबिगर सीट न्हाय."

मागच्या साली म्हणे एक म्हातारा हरिद्वारला आजारी पडला. त्याला परत आणताना सिद्धाप्पाचा जीव मेटाकुटीला आला, आणि आणल्यावर म्हाताऱ्याची पोरं त्याच्याच अंगावर धावून आली. तेव्हापासून त्यानं नियम केला होता. प्रवासाचा विमा काढायचा, दवाखान्याचा आणि परत आणायचा खर्च कंपनीच्या डोक्यावर. आणि कंपनी म्हणते माणूस आधी डॉक्टरला दाखवा.

"मी बराच हाय की," कल्लप्पा म्हणाला. "चार महिन्यांमागंच तर उगडून साफ केलंय."

"तेच म्हंतोय मी," सिद्धाप्पा म्हणाला. "ते कंपनीला सांगू नका म्हंजे झालं."

कल्लप्पाचा सख्खा भाचा रेवणसिद्ध विम्याचा एजंट होता. घरात एजंट असला की बाकीचे नातेवाईक त्याला बघून मागच्या दारानं जातात, तसंच रेवणसिद्धचं होतं. त्यामुळं मामा आपण होऊन आपल्याकडं आलाय हे बघून त्याचे डोळे भरून आले. त्यानं लगेच फॉर्म काढला आणि सोप्यात बसून भरायला घेतला. नाव, वय, धंदा. नवव्या रकान्याशी आल्यावर त्यानं वाचून दाखवलं, "गेल्या एक वर्षात झालेला आजार, अपघात किंवा शस्त्रक्रिया." आणि कुणाला न विचारता लिहून टाकलं, 'निरंक.'

"निरंक म्हंजे?" ईरम्मानं विचारलं.

"काहीच नाही, मामी."

"काईच न्हाय? मग पंधरा दीस मी तितं डबा कुनाला न्हेत व्हते?"

रेवणसिद्धनं समजावलं. खरं लिहिलं तर कंपनी घाबरते. कंपनी घाबरली की कागद नाही, कागद नाही तर सीट नाही. सीट म्हटल्यावर ईरम्मा गप्प झाली. कल्लप्पा मात्र त्या शब्दाकडं बघतच राहिला. त्याच्या आयुष्यात इतकी मोठी गोष्ट आजवर एकच झाली होती. तिच्यापायी यार्डातले व्यापारी फळं घेऊन बघायला आले होते, अख्खी बाळीवेस दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. आणि ह्या पोरानं तिला तीन अक्षरांत पुसून टाकलं होतं.

"आन् ह्ये?" त्यानं बंडी वर केली. उजव्या कुशीवर वीतभर लांब व्रण होता. "ह्ये डागदरला दिसंल न्हवं?"

रेवणसिद्धनं हाही विचार करून ठेवला होता. "बैलानं शिंग मारलं म्हणायचं."

"कुटला बैल?"

"मामींच्या माहेरचा, दुधनीचा."

"आमच्या माहेरचा बैल असलं करनार न्हाय," ईरम्मा म्हणाली.

माहेरच्या बैलावर वाद वाढायला लागला तसं रेवणसिद्धनं गाव बदललं. कुंभारीचा बैल. कुंभारीत आपलं कुणी नाही, कुणाला राग यायचा प्रश्न नाही. ठरलं. पुढचे दोन दिवस कल्लप्पा उठता-बसता कुंभारीचा बैल पाठ करत होता, आणि आवाज असा, की तिसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं त्याला बघून हंबरायला लागली.

डॉक्टरकडं जायच्या दिवशी सकाळी ईरम्मानं नवऱ्याचे सगळे खिसे तपासले. बाटली निघालीच. ती तिनं काढून घेतली आणि ज्वारीच्या कणगीत हात कोपरापर्यंत घालून तळाशी पुरली.

"नुसती खिशात ऱ्हाऊ दे की. म्या काडत न्हाय."

"सुम्म इर्री!" ईरम्मा म्हणाली. ती कन्नडात गप्प बसवायची तेव्हा अपील नसायचं. "तितं तोंड उगडायचं न्हाय. बैल येवढंच म्हनायचं आन् घरला यायचं."

कंपनीच्या डॉक्टरचा दवाखाना रेल्वे लाइन्समध्ये होता. बाहेर बाकावर धोतर नेसलेला, मिशाळ, रापलेला एक म्हातारा आधीच बसला होता. तोही सिद्धाप्पाच्याच गाडीला जाणार होता, त्यालाही कागद हवा होता. रेवणसिद्धनं आपलं सहज विचारलं, "कुठले बाबा?"

"कुंभारीचा. कोंडीबा म्हंत्यात मला."

मामा-भाच्यानं एकमेकांकडं बघितलं. पण तेवढ्यात आतून हाक आली, आणि आता ऐन वेळी बैलाचं गाव बदलायचं तर पुन्हा पाठांतर आलं.

दवाखान्यात मधोमध एक हिरवा पडदा. पडद्याआड तपासणीचं टेबल, अलीकडं डॉक्टरची खुर्ची. गर्दी नको म्हणून कंपाउंडरनं कोंडीबालाही आतच आणून खुर्चीशेजारी बसवलं. डॉक्टरनं कल्लप्पाला पडद्याआड नेऊन सदरा काढायला लावला, छाती ऐकली, पोट दाबलं, आणि कुशीवर येऊन बोट थांबलं.

"हे काय?"

"बैल," कल्लप्पा म्हणाला.

"कुठला?"

"कुंभारीचा."

पडद्यापलीकडून लगेच आवाज आला, "आमच्या गावचा? कुनाचा वो, पावनं?"

कल्लप्पानं ठरल्याप्रमाणं तोंड उघडलं नाही. डॉक्टर व्रणावर वाकून बराच वेळ बघत होते. "बैल हुशार दिसतो," ते म्हणाले. "रेघ कशी पट्टी लावून ओढलीय. आणि वर टाकेही घातलेत. बारा."

"टाके मागनं घातले, साहेब, दुसऱ्या डॉक्टरनं," रेवणसिद्ध घाईनं म्हणाला.

"हो का? बरं."

एवढंच बोलून ते खुर्चीत जाऊन बसले. फॉर्म पुढ्यात ओढला, पेनचं टोपण काढलं. रेवणसिद्धनं पडद्याच्या कडेनं आत डोकावून मामाला डोळा घातला. पडद्यापलीकडं कोंडीबा अजून आपल्याच विचारात होता. "मारका बैल म्हंजे भीमाचा आसंल. पर त्यो तर गेल्या साली इकला..."

"तुमचं काय, बाबा?" लिहिता लिहिता डॉक्टरनं त्याला विचारलं. "आजारपण काही?"

"हाय की!" कोंडीबा म्हणाला. त्याला कुणी निरंक शिकवलं नव्हतं. त्यानं कनवटीचा कागद सोडला आणि अंगारा दाखवावा तसा डॉक्टरपुढं धरला. "ह्यो बगा खडा. फाल्गुनात पडला, लघवीवाटं. चार दीस गडाबडा लोळत व्हतो. लई मोटा हाय."

डॉक्टरनं चष्मा वर करून बघितलं. कागदात हरभऱ्याएवढा एक खडा होता. "अरे वा," ते मनापासून म्हणाले. "खरंच मोठा आहे की. आपोआप पडलेला एवढा मी तरी पाहिला नव्हता. शाबास!"

पडद्याआड कल्लप्पा सदऱ्याची गुंडी लावत होता. ती गुंडी काही काजात जाईना.

शाबास! हरभऱ्याला! त्याचा हात आपोआप खिशाकडं गेला आणि रिकामा परत आला. त्यानं कणगी आठवली, ईरम्मा आठवली, केदार आठवला. दात आवळून तो पडद्याबाहेर आला आणि मुकाट रेवणसिद्धशेजारी उभा राहिला. डॉक्टरचं पेन फॉर्मच्या तळाशी, सहीच्या जागेवर पोचलं होतं.

आणि तेवढ्यात कोंडीबानं मान वळवून त्याच्याकडं मोठ्या कणवेनं बघितलं.

"पावनं, तुमचं दुखनं बैलाचं. त्येला काय, हळद लावली की झालं. ह्ये खड्याचं दुखनं मातूर येरागबाळ्याचं काम न्हाय. मरदालाच सोसतंय."

पुढं काय झालं ते रेल्वे लाइन्समध्ये बरेच दिवस सांगत होते.

"हरबऱ्याला खडा म्हंतोस व्हय रं?" कल्लप्पा गरजला. "हरबऱ्याला? सव्वाऽऽ तोळा! बारदान वजा जाता सव्वाऽऽ तोळा!"

कंपाउंडरच्या हातातली बाटली खाली पडली. बाहेरचे पेशंट उठून दारात आले. कल्लप्पानं नुकताच घातलेला सदरा गळ्यापर्यंत वर केला आणि गोल फिरून सगळ्यांना कूस दाखवली. "ह्ये बगा! बैल न्हाय आन् बिल न्हाय! मार्गशीर्षात सर्जननं उगडलंय, दीड तास! बाटल्या लावल्या व्हत्या! आपोआप पडतंय त्येला काय खडा म्हंत्यात? आपोआप चिंच बी पडती!"

रेवणसिद्ध भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. कल्लप्पाचा सदरा गळ्याशीच राहिला होता, आणि आपण काय केलं हे त्याच्या तोंडावर आता कुठं उमटायला लागलं होतं.

सगळ्यात आधी बोलला कोंडीबा, आणि सुटल्यासारखा बोलला, "म्हंजे आमच्या गावचा बैल न्हवं न्हवं?"

डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते खांदे हलेपर्यंत हसले. डोळे पुसून त्यांनी फॉर्म पुन्हा पहिल्या पानावर आणला, 'निरंक'वर आडवी रेघ मारली आणि कल्लप्पाला खुर्ची दाखवली. "बसा. आता पहिल्यापासून सांगा."

असं कुणी म्हणायची खोटी. कल्लप्पानं पहिली कळ कुठल्या पोत्याशी आली तिथून सुरुवात केली. पाऊण तास झाला. कोंडीबा मधे मधे "आरारा" म्हणत होता, आणि शेवटी त्यानं आपला कागद कनवटीला लावला आणि हात जोडून म्हणाला, "तुमी थोरलं, पावनं." कल्लप्पाला सगळं भरून पावलं. डॉक्टरनं त्याच्याकडून दवाखान्याचं कार्ड मागितलं, नवा एक्स-रे मागितला, सर्जनची चिठ्ठी मागितली, आणि "कंपनीला कळवतो, पुढं त्यांची मर्जी" म्हणून निरोप दिला.

बाहेर पायरीवर रेवणसिद्ध म्हणाला, "मामा, पेन टेकलं होतं हो कागदाला. टेकलं होतं."

घरी ईरम्मानं सगळं ऐकून घेतलं. ती ओरडेल, कपाळ बडवेल, अशी गल्लीची अपेक्षा होती, आणि दोन-चार जणी त्या बेतानं दारासमोर धान्य निवडायला येऊन बसल्याही होत्या. पण तिनं भाकरी थापल्या, त्याला वाढलं. मग खुंटीवर यात्रेसाठी काढून ठेवलेली लोकरीची शाल घडी करून पेटीत टाकली.

"ते कशाला?" कल्लप्पानं विचारलं.

"सिद्धाप्पाला सांगून येते, माजी बी सीट काड म्हनून. मी काय एकली जाऊन बर्फात ऱ्हाते?"

हे ती चिडून म्हणाली असती तर त्यानं सोसलं असतं. ती साधं, उद्या दूध जास्त घेऊ म्हणावं तसं म्हणाली. कल्लप्पानं हातातला घास परत ताटात ठेवला. "चार दीस थांब," तो म्हणाला. "सांगू नगंस. चार दीस." आणि हे तो इतक्या हळू बोलला, की शेजारी कुणालाच ऐकू गेलं नाही, नंतर ईरम्मानंच सांगितलं म्हणून कळलं.

दुसऱ्या दिवशी यार्डात सुट्टी टाकून तो दवाखान्यात गेला. फोटो काढला, म्हणजे एक्स-रे. सर्जनपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, केदार चडून जायचं हाय. खरं काय ते लिवा." सर्जननं फोटो उजेडात धरून बघितला आणि लिहून दिलं, की मूत्रपिंड साफ आहे, चढायला हरकत नाही, पाणी भरपूर प्यावं. तो कागद कल्लप्पानं स्वतः नेऊन डॉक्टरच्या हातात ठेवला. मग वाट बघणं आलं. त्या दिवसांत खडा कणगीतच होता. वळसंगहून कुणाचे तरी व्याही आले, त्यांना खडा बघायला नेलं, तर कल्लप्पा म्हणाला, "आज न्हाय." गल्लीला हे फार लागलं. पाहुण्याला दाखवायला आता आमच्याकडं उरलं काय?

गाडी सुटायला चार दिवस राहिले असताना रेवणसिद्ध सायकलवरून घंटी वाजवत आला, आणि घंटी वाजवायचा थांबेचना, तेव्हाच गल्लीनं ओळखलं. विमा मंजूर झाला होता. पण एक ओळ होती. ती त्यानं सोप्यात उभं राहून वाचली, "उजव्या मूत्रपिंडाचा विकार व त्यापासून उद्भवणारा खर्च वगळून."

"वगळून म्हंजे?" ईरम्मा.

"म्हणजे मामांचं सगळं विम्यात आहे. हात, पाय, डोकं, डावी बाजू. फक्त उजवा मूतखड्याचा भाग कंपनीनं सोडला."

"आन् बैल म्हनलो असतो तर?" कल्लप्पानं विचारलं.

इथं रेवणसिद्धची मान जरा खाली गेली. तो डॉक्टरला भेटून आला होता. डॉक्टर काय खुळे होते? व्रण बघितल्याबरोबरच त्यांनी अहवालात लिहून टाकलं होतं, 'शस्त्रक्रियेची खूण.' वर निरंक आणि खाली ऑपरेशन, असा फॉर्म गेला असता तर कंपनीनं खोटारडा म्हणून तसाच परत पाठवला असता. समजा चुकून निसटला असता, आणि केदारच्या वाटेवर मामांचा नुसता पाय मोडला असता, तरी कंपनीनं नववा रकाना पुढं करून हात वर केले असते. अख्खा कागद रद्दी.

कल्लप्पानं हे शांतपणे ऐकलं. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "म्हनूनच म्या तितं बोललो."

खरेपणानं तरलेली माणसं बाळीवेशीनं पाहिली होती. बढाईनं तरलेला हा पहिलाच. ईरम्मानं पेटीतून शाल काढून पुन्हा खुंटीला लावली, आणि खूप दिवसांनी चहात साखर बरोबर पडली.

गल्लीला मात्र महिनाभराचं खाद्य मिळालं. "अण्णा, उजवी बाजू हितंच ठेवून जावा, आमी संबाळतो." "अण्णा, फोटो काढताना उजवीकडनं काढू नगा, कंपनी वळकायची न्हाय." कल्लप्पाला ह्याचा राग येण्याऐवजी बरंच वाटत होतं. विम्याच्या कागदावर एक अख्खी ओळ त्याच्या खड्यासाठी खर्ची पडली होती. कोंडीबाच्या कागदावर, तो सांगत होता, नुसता एक शब्द होता.

अडलं ते सिद्धाप्पाशी. त्यानं कागद दोनदा वाचला आणि डोकं खाजवलं. "अण्णा, बाकी समदं ठीक हाय. पर ह्या उजव्या बाजूचं काय? वाटंत तीच दुखली तर? कंपनी न्हाय म्हंती, मग मी कुनाच्या तोंडाकडं बगायचं?"

कल्लप्पा सर्जनच्या चिठ्ठीचा घोष लावणार, तेवढ्यात ईरम्मा पुढं झाली.

"माज्या तोंडाकडं बगायचं. लिव्हून घे. उजवी बाजू माज्याकडं."

सिद्धाप्पाला वाटलं ही चेष्टा करते. पण ती पेन हातात घेऊन उभी राहिली तशी त्यानं वहीत चार ओळी लिहिल्या, की कल्लप्पाच्या उजव्या बाजूचं जे काही होईल त्याला पत्नी जबाबदार. खाली तिनं कन्नडात सही केली, एक एक अक्षर कोरून. सिद्धाप्पा कन्नड वाचू शकत होता, तरी त्यानं ती सही बराच वेळ बघितली आणि मग सीटचा नंबर लिहिला.

निघायच्या दिवशी सकाळी बाळीवेस गाडीशी लोटली. नारळ फुटला, चाकांना लिंबं झाली. ईरम्मानं एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात पाण्यानं गच्च भरलेला फिरकीचा तांब्या घेतला होता. दोघं आपल्या सीटशी आले. बाकडं उजव्या बाजूचं, दोघांचं. कल्लप्पा खिडकीकडं सरकायला लागला. यार्डातले सोबती बाहेर हार घेऊन उभे होते, त्यांना तोंड दाखवायचं होतं.

"तितं न्हाय," ईरम्मा म्हणाली. "हिकडं बसा."

"खिडकी मला पायजे."

"उजवी बाजू माज्याकडं ऱ्हायला पायजे न्हवं? मग मी उजवीकडंच बसनार. वहीत लिव्हलंय. सिद्धाप्पा, सांग की!"

सिद्धाप्पानं खांदे उडवले. वहीत खरंच लिहिलं होतं. मागच्या बाकावरून कोंडीबा म्हणाला, "पावनं, बसा गप. बैलापरीस ह्ये अवघड हाय." आणि कल्लप्पा आतल्या बाजूला बसला. सोबत्यांनी हार खिडकीतून आत टाकला तो ईरम्माच्या गळ्यात पडला. तिनं तो तसाच राहू दिला.

गाडी सुटली. ती वळणाशी पोचायच्या आत ईरम्मानं तांब्याची फिरकी काढली.

"प्या."

"अगं, आत्ता तर निगालो."

"सर्जननं सांगितलंय. प्या म्हंते."

तो प्याला. तिनं पुन्हा ओतलं. तांब्या अर्धा झाला, आणि सोलापूरचा जकात नाका यायच्या आत सिद्धाप्पाला कल्लप्पासाठी गाडी थांबवावी लागली. केदारला निघालेली गाडी गावाची हद्द न ओलांडताच बाभळीच्या झाडाशी उभी राहिली, आणि चाळीस माणसं हसत हसत खिडक्यांतून बघायला लागली. ईरम्मा मात्र तिकडं बघत नव्हती. ती खिडकीच्या गजाला गाल टेकवून समोरचा रस्ता दिसत होता तेवढा बघत होती, आणि ओठातल्या ओठात काहीतरी कन्नडात म्हणून बघत होती. तिथल्या पुजाऱ्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं, ते तिचं अजून ठरत नव्हतं.